आजारी फुप्फुसातले सूक्ष्मजीव: त्यांचे आपसांतले आणि शरीराशी चालणारे व्यवहार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिस्टिक फायब्रोसिस, ब्रॉन्किएक्टेसिस, सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) किंवा जुना क्षयरोग असलेल्या व्यक्तींना, त्यांची काळजी घेणाऱ्यांना आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. रिपोर्टवर एका जंतूचे नाव छापून येते आणि सगळी चर्चा त्या नावाभोवती फिरत राहते. आजारी फुप्फुसात मात्र एकटा जंतू क्वचितच सापडतो. त्याच्या शेजारी कोण आहे, ते कशावर जगतात आणि शरीर त्यांना काय पुरवते, हे कळल्याशिवाय ते नाव फारसे काही सांगत नाही.

निरोगी फुप्फुस निर्जंतुक असते, असे शिकलो होतो. ते खरे नाही का?

नाही. अनेक वर्षे तसे मानले जात होते, कारण नेहमीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू बशीत वाढवण्याच्या चाचणीत) काही उगवत नसे. डीएनएवर आधारित चाचण्या आल्यावर चित्र बदलले. निरोगी श्वासनलिकांतही जिवाणू असतात, फक्त फार कमी. मोठ्या श्वासनलिकांच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २,००० असा अंदाज २०१० च्या सुमारास मांडला गेला. त्यांत प्रेव्होटेला, व्हेइलोनेला, स्ट्रेप्टोकोकस असे तोंडातलेच रहिवासी जास्त. झोपेत लाळेचे बारीक थेंब प्रत्येकाच्याच श्वासनलिकेत उतरतात, त्यांच्याबरोबर हे येतात.

ते तिथे टिकत नाहीत, हे महत्त्वाचे. जितके येतात तितकेच बाहेर काढले जातात. सिलिया नावाचे सूक्ष्म केस सेकंदाला १० ते २० वेळा हलून कफाचा पातळ थर घशाकडे ढकलत असतात. जे उरतात त्यांना वायुकोशांतल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात. म्हणजे निरोगी फुप्फुसातली वस्ती आवक आणि जावक यांच्या तोलावर ठरते, तिथल्या वाढीवर नाही.

मग आजारपणात नेमके काय बदलते?

जावक मंदावते आणि जागेवरच वाढ सुरू होते. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर या जनुकातल्या दोषामुळे (हे जनुक १९८९ मध्ये सापडले) श्वासनलिकेच्या आवरणातून क्लोराइड आणि बायकार्बोनेट नीट बाहेर पडत नाहीत. कफातले पाणी कमी होते, तो चिकट होतो आणि सिलिया त्याला हलवू शकत नाहीत. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये नलिका कायमच्या रुंद आणि सैल झालेल्या असतात, त्यांत कफ साचून राहतो. सीओपीडीत धुरामुळे सिलिया झडतात आणि कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात.

कारणे तीन, परिणाम एकच: न हलणारा कफ. त्यात म्युसिन नावाची साखर-प्रथिने, मेलेल्या पेशींतून सांडलेले डीएनए, अमिनो आम्ले आणि लोह असते. जंतूंच्या दृष्टीने हा भरलेला कोठार आहे.

एवढी हवा आत-बाहेर होत असताना कफात ऑक्सिजन कमी कसा पडतो?

हवा कफाच्या पृष्ठभागावरून जाते, आतून नाही. पृष्ठभागाखाली थोड्याच अंतरावर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. आश्चर्य असे की तो संपवण्यात जंतूंपेक्षा आपल्याच न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचा वाटा मोठा असतो. जंतू मारण्यासाठी त्या ऑक्सिजनपासून तीव्र रसायने बनवतात आणि त्या धडपडीत आसपासचा सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात.

याचे परिणाम दूरवर जातात. तोंडातले ऑक्सिजनविरहित जागेत वाढणारे जिवाणू इथे मजेत वाढतात. स्युडोमोनास एरुजिनोसा हा अशा फुप्फुसात नेहमी आढळणारा जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वसन करू लागतो. आणि टोब्रामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड गटाची प्रतिजैविके जंतूच्या पेशीत शिरायला तिच्या आवरणावरच्या ज्या विद्युत दाबावर अवलंबून असतात, तो दाब अशा जागी घटलेला असतो. कफ मोकळा करणे हा उपचाराचा जोडभाग समजला जातो. आमच्या मते तो उपचाराचा पाया आहे.

स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हे जिवाणू एकत्र असले की एकमेकांना मारतात असे वाचले. रुग्णात मात्र दोघेही वर्षानुवर्षे सापडतात. हे कसे?

दोन्ही निरीक्षणे खरी आहेत आणि त्यांतला विरोधाभास समजून घेण्यासारखा आहे.

नेहमीच्या पोषक माध्यमात दोघांना एकत्र वाढवले तर स्युडोमोनास बहुधा जिंकतो. त्याच्याकडे शस्त्रे बरीच आहेत. लास-ए नावाचे विकर (एन्झाइम) स्टॅफिलोकोकसच्या भिंतीतले ग्लायसिनचे पूल तोडते आणि पेशी फुटते. एचक्यूएनओ नावाचा रेणू त्याची श्वसनसाखळी बंद पाडतो. पायोसायनिन हे निळे-हिरवे रंगद्रव्य ऑक्सिजनचे घातक रेणू तयार करते. पायोव्हर्डिन लोह ओढून घेते. फुटलेल्या स्टॅफिलोकोकसमधले लोहही मग स्युडोमोनासच्याच कामी येते.

श्वसन बंद पडलेला स्टॅफिलोकोकस मात्र दर वेळी मरतोच असे नाही. तो किण्वनावर जगू लागतो आणि लॅक्टेट बाहेर टाकतो. ते लॅक्टेट स्युडोमोनास खातो. या दडपणाखाली स्टॅफिलोकोकसचे ‘स्मॉल कॉलनी व्हेरियंट’ म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती करणारे, संथ वाढणारे प्रकार निवडले जातात. त्यांच्यात विद्युत दाब कमी असल्याने अमिनोग्लायकोसाइड गटाची औषधे आत शिरत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याच्या हल्ल्यातून वाचताना त्याला औषधापासूनही आपोआप संरक्षण मिळते. स्युडोमोनासच्या स्रावांमुळे व्हँकोमायसिनचा परिणामही घटतो, असे प्रयोगांत दिसले आहे.

आता दुसरी बाजू. फुप्फुसात वर्षे काढलेला स्युडोमोनास मूळचा राहत नाही. म्यूक-ए जनुकात बदल होऊन तो अल्जिनेट नावाचा बुळबुळीत पदार्थ भरपूर बनवू लागतो. रिपोर्टवर ‘म्युकॉइड’ लिहिलेले असते ते याच प्रकाराबद्दल. हा प्रकार एचक्यूएनओ आणि लोह ओढणारे रेणू कमी बनवतो, त्यामुळे स्टॅफिलोकोकसला जगू देतो. अनेक प्रकारांत लास-आर हे नियंत्रक जनुकही निकामी होते आणि शस्त्रांचा मारा बदलतो. काचेच्या बशीत रक्तद्रवातले अल्ब्युमिन मिसळले तरी सहवास वाढतो, कारण अल्ब्युमिन स्युडोमोनासचे काही संकेतरेणू पकडून ठेवते.

विद्यार्थ्यांसाठी याचा व्यवहारातला अर्थ: सहवासाचा प्रयोग साध्या माध्यमात केला असेल तर त्यावरून रुग्णाबद्दल निष्कर्ष काढू नका. बेडक्याच्या रासायनिक घडणीवर बेतलेले कृत्रिम माध्यम वापरा, त्यात म्युसिन आणि डीएनए घाला, आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या संदर्भ-वाणाबरोबर (वाण म्हणजे एकाच जातीतला वेगळा वंश) रुग्णाकडून उशिरा मिळालेला वाणही ठेवा.

या भांडणात शरीर फक्त प्रेक्षक असते का?

मुळीच नाही. बऱ्याचदा निकाल शरीरच लावते. तीन उदाहरणे.

स्युडोमोनास श्वासनलिकेच्या पेशींना चिथावतो, तेव्हा त्या फॉस्फोलायपेज-ए-२ गटातले एक विकर जास्त सोडतात. ते ग्रॅम-पॉझिटिव्ह (स्टॅफिलोकोकस ज्यांत मोडतो त्या) जिवाणूंवर फार प्रभावी असते, स्युडोमोनासवर नाही. परिणामी स्टॅफिलोकोकस मरतो आणि स्युडोमोनासला जागा मिळते. हल्ला शरीराचा, लाभ त्याचा.

दुसरे उदाहरण उलटे आहे. न्यूट्रोफिलमधले कॅलप्रोटेक्टिन जस्त आणि मँगनीज बांधून ठेवते, म्हणजे जंतूंची उपासमार करते. पण जस्त कमी पडल्यावर स्युडोमोनासची स्टॅफिलोकोकसविरोधी शस्त्रेही थंडावतात, आणि दोघांना शेजारी-शेजारी राहता येते.

तिसरे, उंदरांच्या नाकातले: हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हा जिवाणू न्यूट्रोफिलना असे जागे करतो की ते न्यूमोकोकस या दुसऱ्या जिवाणूला साफ करतात. एरवी बशीत न्यूमोकोकसच हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून हिमोफिलसला मारतो. शरीर मध्ये आले की विजेता बदलतो.

न्यूट्रोफिल तर संरक्षक पेशी. मग डॉक्टर त्यांनाच दोष का देतात?

कारण त्या मरताना इलास्टेज नावाचे विकर आणि स्वतःचे डीएनए सांडतात. थोडे इलास्टेज शरीर आवरते. भरमसाट झाले की ते प्रतिपिंडे तोडते, न्यूट्रोफिलवरचे जंतू ओळखणारे ग्राहक कापते, सिलियांची गती कमी करते आणि कफ आणखी वाढवते. नलिकेची भिंत झिजते ती वेगळीच. जंतू साचतात, दाह वाढतो, भिंत सैल होते, अजून जंतू साचतात. ब्रॉन्किएक्टेसिसच्या संदर्भात १९८० च्या दशकात मांडलेले हे दुष्टचक्र आजही उपचारांचा आधार आहे. कडी कुठेही तुटली तरी फायदा होतो.

सांडलेल्या डीएनएमुळे कफ दोरीसारखा होतो. ते तोडण्यासाठी सिस्टिक फायब्रोसिसमध्ये डॉर्नेज अल्फा हे औषध, साधारणपणे २.५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, नेब्युलायझरने देतात. इथे एक सावधगिरी आवर्जून सांगायची आहे. सिस्टिक फायब्रोसिस नसलेल्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये याच औषधाच्या चाचणीत रुग्णांचे झटके (आजार अचानक बळावणे) वाढले आणि फुप्फुसाची क्षमता घटली. कफ दिसायला सारखा असला तरी औषध दुसऱ्याचे आपल्याला चालत नाही.

तोंडातले जिवाणू बेडक्यात सापडले तर ती केवळ भेसळ समजायची का?

पूर्वी तसेच समजत. आता इतक्या सरसकट म्हणता येत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या बेडक्यात ऑक्सिजनविरहित जिवाणू स्युडोमोनासच्या तोडीच्या संख्येने, दर ग्रॅममागे कोट्यवधी, सापडले आहेत. केवळ लाळेच्या मिसळण्याने इतकी संख्या समजावून सांगता येत नाही.

ते तिथे काय करतात? स्युडोमोनासला म्युसिन नीट पचवता येत नाही. प्रेव्होटेला, व्हेइलोनेला आणि त्यांचे सोबती ते तोडतात. त्यांच्या उरलेल्या घासांतून, म्हणजे अमिनो आम्ले आणि लहान साखळीच्या आम्लांतून, स्युडोमोनास पोसला जातो. काही तोंडवासी २,३-ब्युटेनडायॉल बाहेर टाकतात, त्याने स्युडोमोनास जास्त फिनाझिन (पायोसायनिनच्या गटातली रसायने) बनवतो. उलट रोथिया म्युसिलॅजिनोसा हा जिवाणू पेशींतला दाह उत्तेजित करणारा मार्ग दाबतो, असे प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसले आहे. तोंडवासी सगळे वाईट किंवा सगळे भले, असा निवाडा करता येत नाही. स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस गटाकडे मात्र लक्ष ठेवावे. नेहमीच्या बशीत तो ‘घशातले सामान्य जिवाणू’ या नावाखाली हरवून जातो.

क्वोरम सेन्सिंग म्हणजे काय?

जिवाणू छोटे रेणू सोडत राहतात. गर्दी वाढली की त्या रेणूंचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर जाते आणि सगळे एकदम वागणूक बदलतात. स्युडोमोनासमध्ये लास, आरएचएल आणि पीक्यूएस अशा तीन एकमेकांत गुंतलेल्या यंत्रणा आहेत. विषे, विकरे, बायोफिल्म (चिकट वेष्टणातली वस्ती) यांवर त्यांचे नियंत्रण असते.

हे संकेत दुसऱ्यांनाही ऐकू जातात. लासचा संकेतरेणू मिळाला की कँडिडा ही बुरशी धाग्याचे रूप सोडून गोल पेशींच्या रूपात राहते. यात तिचा फायदा आहे, कारण स्युडोमोनास धाग्यांना चिकटून त्यांना मारतो, गोल पेशींना सोडून देतो. मानवी पेशीही हा रेणू ओळखतात आणि पॅराऑक्सोनेज-२ या विकराने तो तोडून टाकतात.

बेडक्यात कँडिडा किंवा अॅस्परजिलस आला. घाबरावे का?

कँडिडा बहुतेक वेळा तोंडातून आलेला असतो आणि त्यावर औषध लागत नाही. अॅस्परजिलसचे तसे नाही. या बुरशीचे बीजाणू २ ते ३ मायक्रोमीटरचे, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचणारे. एकदा उगवला म्हणजे आजार, असे नव्हे. पण दमा किंवा सिस्टिक फायब्रोसिस असलेल्यात आयजीई (अॅलर्जीत वाढणारे प्रतिपिंड) खूप वाढलेले असेल, कफात तपकिरी गुठळ्या पडत असतील, तर अॅलर्जीचा प्रकार शोधावा लागतो.

स्युडोमोनासशी त्याचे नाते विचित्र आहे. पायोव्हर्डिन आणि फिनाझिन त्याची वाढ रोखतात. स्युडोमोनासच्या पोटातला पीएफ हा तंतुमय विषाणूही लोह बांधून बुरशीला उपाशी ठेवतो. पण स्युडोमोनास सोडत असलेले डायमिथाइल सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू बुरशीला पोसतात. म्हणजे स्पर्शात मारणारा तोच शेजारी, जरा अंतरावरून मात्र वाढवणारा.

क्षयरोग बरा होऊन वर्षे झाली. आता खोकल्यातून रक्त येते. क्षय उलटला का?

असू शकतो, पण दुसरी शक्यता तितक्याच गांभीर्याने पाहावी लागते. क्षयाने केलेली पोकळी बरी झाल्यावरही रिकामी राहते. तिला सिलिया नसतात, रक्तपुरवठा विस्कटलेला असतो. अॅस्परजिलस तिथे घर करतो, कधी बुरशीचा गोळा बनतो. थुंकीत क्षयाचे जंतू नसताना केवळ लक्षणांवरून पुन्हा क्षयाची औषधे सुरू होणे, ही यातली नेहमीची चूक आहे. सीटी स्कॅन आणि अॅस्परजिलसविरोधी आयजीजी प्रतिपिंडांची रक्तचाचणी मागावी.

दोन्ही आजार खरोखर एकत्र असतील तर आणखी एक पेच येतो. रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध यकृतातली विकरे वाढवून इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल या बुरशीविरोधी औषधांची रक्तातली पातळी इतकी पाडते की ती औषधे घेऊन न घेतल्यासारखी होतात. ही जोडी टाळूनच योजना आखावी लागते. रक्त जास्त प्रमाणात येत असेल तर चाचण्यांची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

फ्लू बरा होतोय असे वाटतानाच न्यूमोनिया का होतो?

विषाणूने वाट मोकळी केलेली असते. १९१८ च्या साथीतल्या बहुसंख्य मृत्यूंमागे फ्लूनंतरचा जिवाणूजन्य न्यूमोनिया होता, असे जतन केलेल्या ऊतींच्या तपासणीतून दिसले आहे.

यात चार गोष्टी एकापाठोपाठ घडतात. विषाणू आवरणाच्या पेशी मारतो, त्यामुळे सिलिया थांबतात आणि खालचा थर उघडा पडतो. त्याचे न्यूरामिनिडेज विकर पेशींवरचे सायलिक आम्ल (एक प्रकारची साखर) कापते, त्याने चिकटण्याच्या जागा उघड्या होतात. सुटलेले सायलिक आम्ल न्यूमोकोकसचे खाद्य बनते. आणि विषाणूविरुद्ध सोडलेली इंटरफेरॉन (शरीराचे विषाणूविरोधी संदेशवाहक रेणू) नेमकी जिवाणूंविरुद्धची फळी कमजोर करतात: गॅमा इंटरफेरॉनमुळे मॅक्रोफेजची जिवाणू गिळण्याची क्षमता घटते, पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनमुळे न्यूट्रोफिल कमी येतात. उंदरांत हा धोका संसर्गानंतर साधारण आठवड्याने सर्वाधिक असतो. माणसांत ताप उतरून पुन्हा चढणे, कफ पिवळा-गंजासारखा होणे, श्वास घेताना टोचणे ही खूण समजावी.

सीओपीडीत साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसनंतरही असेच होते. तिथे हिमोफिलसची वाढ सुमारे दोन आठवड्यांनी शिखरावर असते, म्हणजे सर्दी विसरल्यावर.

रिपोर्टवर औषध ‘सेन्सिटिव्ह’ आहे, तरी फरक का पडत नाही?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, म्हणून जरा सविस्तर.

चाचणीत एक वसाहत उचलून, ताज्या माध्यमात, ऑक्सिजनमध्ये, एकट्याने वाढवलेली असते. फुप्फुसात यातली एकही अट लागू नसते. जिवाणू दहा-वीसपासून हजारापर्यंतच्या गुठळ्यांत, अल्जिनेट आणि डीएनएच्या वेष्टणात असतात. आतले जवळजवळ झोपलेले असतात आणि झोपलेल्या पेशीवर बहुतेक प्रतिजैविके चालत नाहीत. अमिनोग्लायकोसाइड धनभारित असल्याने ऋणभारित डीएनए आणि म्युसिनला चिकटून वाटेतच अडकते.

शिवाय वसाहती सारख्या नसतात. सिस्टिक फायब्रोसिसच्या अनेक रुग्णांत स्युडोमोनासची डीएनए-दुरुस्ती यंत्रणा बिघडलेली असते आणि त्यात बदल भराभर साचतात. फुप्फुसाच्या वेगवेगळ्या भागांतले वंशज वेगळे झालेले असतात. उचललेली वसाहत कोणत्या भागाची होती, हे कोणालाच सांगता येत नाही.

शेवटी शेजारी. मोराक्सेला कॅटॅरॅलिस हा जिवाणू बीटा-लॅक्टमेज (पेनिसिलिन गटाची औषधे तोडणारे विकर) सोडतो, आपल्या पृष्ठभागावरून सुटलेल्या फुग्यांतूनही. ते विकर आसपासचे अमॉक्सिसिलिन नष्ट करते आणि औषधाला पूर्ण संवेदनशील असलेला न्यूमोकोकस वाचतो. अशा वेळी क्लॅव्ह्युलनेट (त्या विकराला रोखणारा घटक) जोडलेले औषध उपयोगी पडते.

म्हणून जुन्या संसर्गात डॉक्टर रिपोर्टपेक्षा मागच्या वेळी कोणत्या औषधाने आराम पडला याला जास्त वजन देतात. तो निष्काळजीपणा नाही. मागच्या औषधांची नावे, दिवस आणि परिणाम लिहून ठेवा.

झटका येतो तेव्हा नवा जंतू शिरलेला असतो का?

सीओपीडीत बऱ्याचदा हो: हिमोफिलस किंवा मोराक्सेला तोच, पण वाण नवा, ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सहसा नाही. तिथे झटक्याच्या आधी आणि झटक्यात जंतूंची संख्या फारशी बदललेली दिसत नाही. बदलते ते त्यांचे वागणे किंवा शरीराचा प्रतिसाद.

बेडक्याचा नमुना कसा द्यावा?

सकाळी उठल्यावर, प्रतिजैविकाचा नवा डोस सुरू होण्यापूर्वी. आधी साध्या पाण्याने तोंड खळखळून धुवा, माउथवॉश वापरू नका. कवळी असेल तर काढा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, थोडा रोखा आणि छातीतून खोकून आलेला घट्ट भाग थेट निर्जंतुक डबीत टाका. लाळ आणि नाकातून ओढलेला शेंबूड चालत नाही. कफ येतच नसेल तर देखरेखीखाली खारट वाफ देऊन काढता येतो.

डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावी. न जमल्यास २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, तेही २४ तासांच्या आत. बाहेर पडून राहिली तर तग धरणारे स्युडोमोनाससारखे जंतू वाढतात आणि नाजूक हिमोफिलस, न्यूमोकोकस मरतात. मग रिपोर्ट खोटा नसतो, पण तो तुमच्या फुप्फुसाचा नसून डबीचा असतो.

प्रयोगशाळेत कुठे चुकते?

पहिली चाळणी सूक्ष्मदर्शकाखाली. कमी विशालनाच्या एका क्षेत्रात तोंडाच्या चपट्या पेशी १० पेक्षा कमी आणि पांढऱ्या पेशी २५ पेक्षा जास्त असाव्यात. तसे नसेल तर नमुना पुन्हा मागवावा. सिस्टिक फायब्रोसिसच्या नमुन्यांना मात्र ही चाळणी लावून फेकून देऊ नये, क्षयाच्या तपासणीलाही नाही.

घट्ट बेडका तसाच पसरवला तर एका टोकाचेच जंतू मिळतात. समान आकारमानाचे ताजे डायथायोथ्रिटॉल मिसळून साधारण १५ मिनिटे पातळ होऊ द्यावा. ब्लड अगार, कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलेला चॉकलेट अगार आणि मॅकॉन्की या वाढीच्या माध्यमांबरोबर मॅनिटॉल सॉल्ट अगार हवाच, नाहीतर स्युडोमोनासच्या चादरीखाली स्टॅफिलोकोकस दिसत नाही. बुरखोल्डेरिया या जिवाणूसाठी निवडक माध्यम वेगळे. २४ तासांत बशी फेकणे ही महागात पडणारी घाई आहे: स्मॉल कॉलनी व्हेरियंट दिसायला ४८ ते ७२ तास लागतात, बुरखोल्डेरियाला त्याहून जास्त.

मग कल्चर सोडून थेट डीएनए का वाचत नाहीत?

संशोधनात वाचतात. १६एस आरआरएनए हे सर्व जिवाणूंत असणारे सुमारे १,५०० अक्षरांचे जनुक त्यासाठी वापरले जाते. पण सहसा त्याचा एक तुकडाच वाचला जातो आणि त्यावरून जाती नक्की करणे अवघड असते. मेलेल्या जंतूंचे डीएनएही मोजले जाते, म्हणून प्रतिजैविकानंतर काहीच बदलले नाही असा भास होतो. तो टाळायला मेलेल्या पेशींतले डीएनए बाद करणारे पीएमए हे रसायन आधी मिसळतात. नमुन्यात जंतू कमी असतील तर रसायनांच्या किटमधले आणि पाण्यातले जिवाणूच ‘फुप्फुसवासी’ म्हणून अहवालात येतात. त्यामुळे रिकाम्या किटचे आणि ब्रॉन्कोस्कोप (श्वासनलिका आतून पाहण्याची दुर्बीण) धुतलेल्या खाऱ्या पाण्याचे नियंत्रण-नमुने नसलेल्या अभ्यासावर आम्ही विश्वास ठेवत नाही.

टक्केवारीचाही सापळा आहे. सगळेच जंतू दहापट घटले तरी टक्केवारी तीच राहते. एकूण संख्या वेगळी मोजावी.

सूक्ष्मजीवांतला बदल हे आजाराचे कारण की परिणाम?

आजारानुसार उत्तर वेगळे. इडिओपॅथिक पल्मोनरी फायब्रोसिसमध्ये (अज्ञात कारणाने फुप्फुस कडक होत जाण्याच्या आजारात) ज्यांच्या फुप्फुसात जंतूंचा भार जास्त, त्यांचा आजार लवकर वाढतो, असे दिसले होते. त्यावरून को-ट्रायमोक्सॅझोल किंवा डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके दीर्घकाळ देऊन पाहिले. २०२० आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. सहसंबंध पाहून औषध सुरू करू नये, यासाठी याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

सीएफटीआर सुधारणाऱ्या नव्या गोळ्यांनी जंतू जातात का?

कमी होतात, बहुधा जात नाहीत. २०१९ पासून उपलब्ध झालेल्या तीन औषधांच्या गोळीने कफ पातळ होतो, खोकला घटतो, स्युडोमोनासची संख्या उतरते. पण अनेक रुग्णांत तोच जुना वाण टिकून राहतो. कफच येत नसल्याने तपासणी मात्र अवघड होते. नमुना निगेटिव्ह आला तरी तो घशाच्या फायाचा होता की बेडक्याचा, हे पाहा.

अॅझिथ्रोमायसिन स्युडोमोनासला मारत नाही, तरी का देतात?

हे प्रतिजैविक दाह कमी करते आणि मारण्याइतक्या मात्रेच्या खालीही स्युडोमोनासचे क्वोरम सेन्सिंग मंदावते. आठवड्यातून तीनदा असा दीर्घ उपचार असतो. सुरू करण्यापूर्वी क्षयेतर मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूचे नातलग) नाहीत याची कल्चरने खात्री हवी, नाहीतर एकट्या औषधाने ते प्रतिरोधक होतात. ईसीजी आणि ऐकण्याची तपासणीही करावी.

प्रोबायोटिक किंवा फेज?

फुप्फुसाच्या आजारासाठी प्रोबायोटिक घ्यावे असे सांगण्याइतका पुरावा नाही. जिवाणूंना मारणारे फेज काही निवडक रुग्णांत वापरले गेले. २०१९ मध्ये मायकोबॅक्टेरियम अॅब्सेससच्या पसरलेल्या संसर्गात एका किशोरवयीन रुग्णाला त्याचा लाभ झाल्याचे प्रसिद्ध झाले. अजून तो नेहमीचा उपचार नाही. प्रत्येक वाणासाठी फेज जुळवावा लागतो.

नेब्युलायझरमधून संसर्ग होतो का? औषधे कोणत्या क्रमाने घ्यावीत?

ओला राहिलेला कप म्हणजे स्युडोमोनासला आमंत्रण. प्रत्येक वापरानंतर भाग सुटे करून साबण-पाण्याने धुवा. मग रोज निर्जंतुक करा: ५ मिनिटे उकळणे, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटे किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटे. कोणता भाग काय सोसतो ते उत्पादकाच्या पत्रकात पाहा. रसायन वापरल्यास निर्जंतुक पाण्याने खंगाळा, नळाच्या नव्हे. व्हिनेगर पुरेसे नाही. हवेत पूर्ण वाळवा. नळी, मुखवटा, कप दुसऱ्या रुग्णाबरोबर वाटून घेऊ नका. सिस्टिक फायब्रोसिसच्या दोन रुग्णांनी एकमेकांपासून किमान २ मीटर अंतर ठेवावे, कारण बुरखोल्डेरिया आणि स्युडोमोनासचे काही वाण एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची नोंद आहे.

क्रमाचे तत्त्व असे: आधी नलिका रुंद करणारे औषध, मग ७ टक्के खारट द्रावण (साधारण ४ मिलिलिटर, पहिला डोस देखरेखीखाली, कारण काहींची छाती आवळते), मग कफ काढण्याचे व्यायाम, आणि श्वासातून घ्यायचे प्रतिजैविक सर्वांत शेवटी. टोब्रामायसिन आधी घेतले तर ते कफातच अडकते आणि खोकल्याबरोबर बाहेर पडते. डॉर्नेज दिलेले असेल तर त्याची वेळ डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट ठरवतील.